सासऱ्यांची नाडी आणि चार दिवसांचं गॉल्फ

दिनांक १३ मे १९९५, शनिवार, संध्याकाळ. स्थळ ठाण्यात नौपाड्यातला एक दवाखाना, पहिला मजला. रक्कम रुपये एकशे एक. हजर: हृदयरोगाचे डॉक्टर, माझे सासरे, माझी बायको आणि मी. पैज डॉक्टर आणि मी यांच्यात लागली, साक्षीला बायको. सासरे हे स्वतः पैजेचा विषय असल्यामुळे त्यांना साक्षीदार धरता येणार नाही, हे त्यांनीच सांगितलं. कल्याणच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण कोर्ट त्यांच्यातून निवृत्त झालेलं नव्हतं.

आदल्या हिवाळ्यात क्रिकेटचा एक सामना बघताना त्यांच्या छातीत कळ आली होती. चार चेंडू आणि सात धावा बाकी होत्या. आम्ही त्यांना रिक्षात घातलं तेव्हा घामाने निथळत असतानाही ते एकच विचारत होते, "जिंकलो का?" आम्ही कोणीच उत्तर दिलं नाही, कारण हरलो होतो. त्यातून ते बरे झाले. कल्याणला त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी केलं आणि क्रिकेट बंद केलं. मिठाबद्दल त्यांनी तक्रार केली नाही.

पण पुढच्या फेब्रुवारीत क्रिकेटचा विश्वचषक आपल्याच देशात होणार होता. दर महिन्याच्या तपासणीला सासरे तोच अर्ज पुढे करायचे आणि डॉक्टर तोच फेटाळायचे. त्या शनिवारी डॉक्टर म्हणाले, "आजोबा, खेळच बघायचा ना? गॉल्फ बघा."

डॉक्टर स्वतः दर रविवारी सकाळी मुंबईला जाऊन गॉल्फ खेळायचे. टेबलावरच्या कागदांवर वजन म्हणून गॉल्फचा एक पांढरा चेंडू ठेवलेला असायचा.

"त्यात बघण्यासारखं काय असतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"जगभर लाखो लोक बघतात."

मला इथे गप्प बसता आलं असतं. पण चुकीचा आकडा कानावर पडला की मला राहवत नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, बघत नाहीत. लावून ठेवतात. त्यात फरक आहे. चेंडू दिसत नाही, खेळणारे एकमेकांच्या अंगावर जात नाहीत, आणि अर्धा वेळ सगळे नुसते चालत असतात. चालणंच बघायचं तर मी गॅलरीत बसेन."

डॉक्टरांना ते लागलं. त्यांनी चेंडू उचलून हातात घेतला आणि म्हणाले, "येत्या गुरुवारपासून केबलवर एक मोठी स्पर्धा आहे, चार दिवसांची. आजोबांना दाखवा. शेवटच्या दिवशी ते आपणहून शेवटपर्यंत बसले, तर मी जिंकलो. झोपले किंवा चॅनल बदललं, तर तुम्ही."

"एकशे एक," मी म्हटलं.

"अहो, दवाखान्यात पैज कसली लावताय?" बायको म्हणाली. पण तोवर हात मिळवून झाले होते.

मग सासऱ्यांनी आपलं कलम घातलं. "आणि माझ्या अर्जाचं काय?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. चारही दिवस खेळ चालू असताना दर अर्ध्या तासाने नाडी मोजायची. ती नव्वदच्या वर गेली नाही, तर विश्वचषकाचा फेरविचार करू, असं त्यांनी कबूल केलं.

जिना उतरताना सासरे मधल्या पायरीवर थांबले. आम्हाला वाटलं दम लागला. तसं नव्हतं. "जावईबापू, यात एक गोम आहे," ते म्हणाले. "खेळ रंगला तर माझी नाडी वाढणार, म्हणजे माझं क्रिकेट गेलं. खेळ रटाळ निघाला तरच माझं भलं. तेव्हा तुमची माझी बाजू एकच."

"मग तुम्ही फक्त कंटाळा करायचा, बाबा," बायको म्हणाली.

"करेन. नोकरीत चौतीस वर्षं तेच केलंय."

गुरुवारी मी कामावरून घरी पोचलो तेव्हा सासरे आरामखुर्चीत तयार होते. नाडी मोजायचं काम बायकोकडे होतं, आणि आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या लिटरांच्या खाली, मी लिहायचे. समोरच्या ब्लॉकमधले शेजारी आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आंबे घेऊन आले होते. "गॉल्फ आहे" असं कळल्यावर ते परत जातील असं मला वाटलं होतं. ते बसले.

टीव्हीवर हिरवंगार माळरान दिसत होतं. कुठलातरी थंड देश असावा, कारण आमच्याकडे पंखा पाचवर असताना तिथले लोक स्वेटर घालून उभे होते. निवेदक कुजबुजत होता.

"हा असा का बोलतोय?" सासऱ्यांनी विचारलं. "कोणी गेलंय का?"

एकाने काठी फिरवली. चेंडू आभाळात गेला आणि कॅमेराही त्याच्या मागोमाग आभाळात गेला. पुढची सात-आठ सेकंदं आमच्या वीस इंची पडद्यावर फक्त ढग होते.

"ढग चांगले आहेत," वहिनी म्हणाल्या.

पहिल्या अर्ध्या तासाची नाडी अडुसष्ट. मी खूश होतो.

अडचण एकच होती की कोण पुढे आहे ते कोणाला कळत नव्हतं. मधूनमधून एक यादी येई. नावं आणि पुढे आकडे. काही आकड्यांच्या आधी उण्याची खूण, काहींच्या आधी अधिकाची. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी एका कारखान्याच्या हिशेबखात्यात होतो. मी यादी नीट पाहिली आणि निकाल दिला: अधिक म्हणजे जमा, उणे म्हणजे दंड. ज्याचे जास्त जमा तो पुढे. याहून सोपं ते काय? हिशेबाच्या वहीत उण्याच्या बाजूला असलेल्या माणसाला बढती मिळालेली मी तरी पाहिली नव्हती.

तेवढ्यात कॅमेऱ्याने एक वयस्क, स्थूल खेळाडू दाखवला. चौकड्यांची पँट, डोक्यावर टोपी, आणि पोट सांभाळत चालण्याची एक सावकाश, अधिकाराची ढब. "अरे, हे तर ठाकुर्लीचे स्टेशनमास्तर!" सासरे म्हणाले. त्यांच्या तरुणपणी ठाकुर्लीला जे मास्तर होते, ते हुबेहूब असे चालत. त्याच्या नावापुढे अधिक सहा होतं. आम्ही पाहिलेल्या आकड्यांत सगळ्यात जास्त.

"मास्तर पुढे आहेत," मी जाहीर केलं. आमच्या घराचा पक्ष ठरला.

शुक्रवारी तर मास्तरांनी कमाल केली. त्यांचा चेंडू वाळूत पडला. पहिल्या फटक्याने वाळू उडाली, चेंडू तिथेच. दुसऱ्यानेही तेच.

"दोन झाले!" शेजारी म्हणाले. "घ्या, घ्या मास्तर, अजून एक घ्या!"

मास्तरांनी अजून एक घेतला. मग त्यांचा एक चेंडू तळ्यात गेला, आणि पंचाने काही सांगितल्यावर त्यांच्या आकड्यात न मारताच एक वाढला. "तो नो-बॉलचा," मी समजावलं. ते पटण्यासारखं होतं. मास्तरांनी कपाळाला हात लावला. प्रेक्षकांतून एक लांब 'ओऽह' आला.

"किती नम्र माणूस आहे बघा," सासरे म्हणाले. "एवढे काढले तरी तोंडावर आनंद नाही. नाहीतर आपली पोरं, पन्नास झाले की बॅट नाचवतात."

याउलट एक हडकुळा, अबोल तरुण होता. त्याच्यापुढे उणे नऊ. त्याचा चेंडू खड्ड्यात गेला की लोक टाळ्यांचा कडकडाट करत आणि कॅमेरा सारखा त्याच्यावरच. "दिलासा देतात बिचाऱ्याला," वहिनी म्हणाल्या. "सभ्य लोक आहेत हो. आपल्याकडे उणे नऊवाल्याला चपला पडल्या असत्या."

मास्तरांनी दिवस अधिक अकरावर संपवला. वहिनींनी हापूसच्या फोडी सगळ्यांना वाटल्या. नाडी बहात्तर, बहात्तर, एकाहत्तर. आपला माणूस एवढा पुढे असल्यावर काळजी कसली? सासरे झोपायला जाताना म्हणाले, "बरा आहे हो खेळ. शांतपणे जिंकता येतं."

शनिवारी मास्तर गायब.

आधी वाटलं उशिरा येतील. मग यादी आली. आम्ही वरून खालपर्यंत वाचली. नाहीत. पुन्हा आली, पुन्हा नाहीत. निवेदक जे कुजबुजला त्यावरून शेजाऱ्यांनी अर्थ काढला की दोन दिवसांनंतर निम्म्या खेळाडूंना घरी पाठवलं आहे, आणि मास्तर त्यांत आहेत.

सासरे खुर्चीतून उठले. "पहिल्या नंबरला घरी पाठवलं? कुठल्या नियमाने? अकरा जमा असलेल्याला काढता आणि उणेवाल्याला खेळवता? याच्या मागे कोणीतरी आहे. निवड समितीत याचा मामा असणार!"

"बाबा, बसा आधी."

"बसतो कसला! अपील करायला नको?"

बायकोने मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून ओठ हलवले: एकशे चार.

मी चौकोनात एकशे चार लिहिलं. बायकोने डोळे मोठे केले, पण मी लिहिलं. मग डॉक्टरांच्या घरी फोन लावला. काय झालं ते सांगितलं. पलीकडून खूप वेळ नुसता हसण्याचा आवाज आला. हसणं आवरल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की गॉल्फमध्ये कमीत कमी फटक्यांत चेंडू खड्ड्यात घालायचा असतो. प्रत्येक खड्ड्याला किती फटके लागावेत ते ठरलेलं असतं. त्याहून कमी लागले तर उणे, जास्त लागले तर अधिक. कमी मारणारा जिंकतो.

मी फोन ठेवला आणि तेच शब्द खोलीत सांगितले.

शेजाऱ्यांनी आंब्याची रिकामी ताटली पायाने जरा खुर्चीखाली सरकवली.

"म्हणजे दोन दिवस," सासरे सावकाश म्हणाले, "आपण त्या म्हाताऱ्याच्या हालांना टाळ्या वाजवत होतो?"

"तळ्यात पडला तेव्हा तुम्ही 'शाब्बास' म्हणालात, काका," शेजारी म्हणाले.

"तुम्ही 'अजून एक घ्या' म्हणालात!"

"हिशेब यांचा होता," वहिनींनी माझ्याकडे बोट केलं.

सासऱ्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि मग टेबलावर हात आपटून म्हणाले, "दोन दिवसांचं कामकाज रद्द. नव्याने सुनावणी. तो हडकुळा कुठे आहे? काय म्हणून त्याला हिणवत होतो आपण? तो तर सगळ्यांत पुढे!"

मला त्याच क्षणी कळलं की माझे एकशे एक धोक्यात आहेत, आणि त्याहून जास्त धोक्यात सासऱ्यांचं क्रिकेट आहे.

आता माझ्या मूळ मुद्द्याबद्दल. गॉल्फ हा बघण्याचा खेळ आहे का, याचा मी त्या शनिवारी रात्री जेवताना प्रामाणिकपणे विचार केला. आमच्या डोंबिवलीत कुठे इमारतीची स्लॅब टाकत असले, तर रस्त्यावर पंचवीस-तीस माणसं उभी राहून बघतात. त्यात मी असतो. खाडीवर कोणी गळ टाकून बसला, तर त्याच्यामागे चार जण उभे असतात, आणि मासा लागत नाही तोवर कोणी हलत नाही. तेव्हा सावकाश चालणारी गोष्ट बघायला आमची हरकत कधीच नव्हती. गॉल्फवर माझा आक्षेप होता की त्यात काही होत नाही. आता कळलं होतं की होतं, पण ते कमी करण्यात असतं. दुसऱ्या खेळांत माणूस मिळवताना दिसतो, इथे तो वाचवताना दिसतो. हे मला, एका संसारी माणसाला, आधीच कळायला हवं होतं. तरी चेंडू दिसत नाही ही माझी तक्रार कायम आहे.

रविवारी सासऱ्यांनी कंटाळा करायची शर्थ केली. मांडीवर जपमाळ. मनगट शालीखाली, मे महिन्यात. हडकुळा चेंडूवर वाकला की ते डोळे मिटून घेत आणि विचारत, "काय झालं?"

"अजून वाकलाय."

"अजून?"

"गवत बघतोय, काका."

"गवतात काय आहे बघण्यासारखं! मार ना बाबा!"

हडकुळ्याची आघाडी चारावरून दोनवर आली, दोनवरून एकवर. त्याच्यामागे एक सोनेरी केसांचा लागला होता, तो प्रत्येक फटक्यानंतर मूठ हवेत मारायचा, म्हणून आमच्या घराला तो पहिल्यापासून आवडला नव्हता. शेवटचा खड्डा आला. सोनेरी केसवाल्याने आपला चेंडू घातला, दोघे बरोबरीत. हडकुळ्याचा चेंडू खड्ड्यापासून, आमचं दार ते जिना एवढ्या अंतरावर. गेला तर जिंकला. तो वाकला. उठला. मागे जाऊन खाली बसला. पुन्हा येऊन वाकला. सासऱ्यांचे डोळे सताड उघडे होते. जपमाळ जमिनीवर होती. हडकुळ्याने काठी मागे नेली.

वीज गेली.

पंखा थांबताना करतो तो आवाज, आणि मग काळोख. त्या काळोखात सासरे ओरडले, "गेला का?"

"वीज गेली, बाबा."

"विजेचं कोण विचारतंय!"

शेजारी धडपडत गॅलरीत गेले. समोरच्या इमारतीत दिवे होते. "ओ काका! अहो काका!" त्यांनी हाक मारली. "जरा टीव्हीवर गॉल्फ लावा!"

"काय लावू?"

"स्पोर्ट्सचं चॅनल लावा! एक माणूस वाकलाय, त्याचं काय झालं ते सांगा!"

समोरचे गृहस्थ आत गेले आणि बाहेर आले. "मुंग्या दिसतायत नुसत्या! कोण वाकलाय? कोणाला दवाखान्यात न्यायचंय का?"

मग लक्षात आलं. केबलवाल्याचं यंत्र आमच्याच गच्चीवर, आमच्याच इमारतीच्या मीटरवर. आमची वीज गेली की अख्ख्या गल्लीची केबल जायची.

बायकोने बॅटरीच्या उजेडात नाडी मोजली. एकशे बारा. सासऱ्यांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. खेळाचा उत्साह चेहऱ्यावरून उतरला आणि मागे राहिला तो फक्त फेब्रुवारी. "लिहिणार तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"लिहायला लागेल, बाबा."

"लिहा. पण शेरा मारा. ही नाडी गॉल्फची नाही, काळोखाची आहे."

मी तसा शेरा मारला. वीज पाऊण तासाने आली, तेव्हा टीव्हीवर मोटारी गोल फिरत होत्या.

मंगळवारी आम्ही तिघे कॅलेंडरचं पान घेऊन नौपाड्यात. डॉक्टरांनी पान उलटसुलट वाचलं. दूध दीड लिटर, एकशे चार. दूध एक लिटर, एकशे बारा, काळोख.

"डॉक्टर," सासरे खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "तो गेला का?"

"शर्टाची बाही वर करा आधी."

दंडाला पट्टा गुंडाळून डॉक्टर हवा भरू लागले. एका हाताने मनगट धरलं. आणि मग, काट्यावर नजर ठेवून, त्यांनी सांगायला सुरुवात केली. "त्याने मारला. चेंडू निघाला. सरळ. अगदी सरळ. खड्ड्याच्या काठावर आला..."

"पुढे?"

"काठावरून फिरला."

"हात् तिच्या!"

"आणि बाहेर थांबला. बरोबरी. मग नियमाप्रमाणे दोघांना एक जादा खड्डा खेळायला लावला." डॉक्टर थांबले, काटा बघितला, पुन्हा हवा भरली. "सोनेरी केसवाल्याने पहिला फटका मारला. तो सरळ..."

"कुठे?"

"वाळूत."

सासरे हलले नाहीत. ओठ मात्र घट्ट मिटले. "किती लागले?"

"तीन. तुमचा माणूस एकाने जिंकला."

सासऱ्यांनी हुश्श केलं आणि मागे टेकले. डॉक्टरांनी पट्टा सोडला. "शहाऐंशी," ते म्हणाले. "दाबही ठीक आहे. शेवट ऐकताना शहाऐंशी असेल, तर बघताना गोळी घेऊन चालेल. पण अटी आहेत. शेवटच्या दहा षटकांत गर्दी नको. आरडाओरडा नको. आणि ती खुर्ची सोडून उठायचं नाही."

"मान्य," सासरे म्हणाले. मग हात पुढे करून म्हणाले, "लेखी द्याल?"

डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीवर तसं लिहून दिलं. सासऱ्यांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. बायकोने त्यांचा हात हातात घेतला, नाडी न मोजता.

राहिले एकशे एक. मी एक मुद्दा मांडून बघितला: गॉल्फ रंगतं असं डॉक्टरांचं म्हणणं खरं असेल, तर त्यांनी ते हृदयाच्या रोग्याला सांगायला नको होतं, आणि ते शांत असेल, तर पैज माझी. दोन्ही एकदम कसं चालेल? डॉक्टर म्हणाले, मुद्दा चांगला आहे, पण आजोबा शेवटपर्यंत बसले की नाही ते सांगा. मी म्हटलं, बसले. वीज गेल्यावरही बसले होते.

मी शंभराची नोट आणि रुपयाचं नाणं टेबलावर, चेंडूशेजारी ठेवलं. डॉक्टरांनी ते उचलून सासऱ्यांच्या हातात दिलं. "बक्षीस खेळणाऱ्याला मिळतं," ते म्हणाले. तपासणीची फी वेगळी घेतली.

त्याच संध्याकाळी केबलवाला महिन्याच्या वसुलीला दारात आला. मी मे महिन्याचे दिले. सासऱ्यांनी आतून येऊन शंभराची नोट पुढे केली आणि म्हणाले, "हे फेब्रुवारीचे. विश्वचषकाचे. आणि ते गच्चीवरचं यंत्र दुसऱ्या मीटरवर घ्या."

"काका, लोक मागचं देत नाय, न तुमी पुढचं देताव?" त्याने नोट उजेडात धरून बघितली आणि पावती फाडली.

उरलेलं नाणं सासऱ्यांनी माझ्या हातावर ठेवलं. "जावईबापू, तुमचे एकशे एक गेले, एक आला. उणे शंभर. म्हणजे आघाडीवर तुम्हीच."

शेवटी दिले ते असे: केबलवाल्यास रुपये शंभर, फेब्रुवारी १९९६ चे आगाऊ, पावती घेतली. मला रुपया एक.